बिळाला दारं किती?

मीरा-भाईंदरच्या पूर्वेला काशीमिरा ओलांडलं की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल लागतं. या जंगलात ससा आहे, पण त्याला बीळ नाही. मानेवर काळा पट्टा असलेला हा आपला रानससा जमिनीखाली घर करत नाही. गवताच्या आडोशाला अंगाच्या मापाचा एक उथळ खळगा, एवढंच त्याचं घर. दिवसभर तो तिथे अंग चोरून बसतो आणि माणूस पायाशी येईपर्यंत हलत नाही. त्याची पिल्लं जन्मतानाच अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन येतात, कारण पहिल्या दिवसापासून त्यांना उघड्यावरच वाढायचं असतं.

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या पिंजऱ्यांत विकायला ठेवलेला पांढरा किंवा करडा ससा मात्र निराळा. तो युरोपच्या सशाचा पाळीव वंशज. या सशाचं मूळ गाव स्पेन-पोर्तुगालचं द्वीपकल्प, आणि तो पक्का बिळात राहणारा. त्याची पिल्लं आंधळी, बिनकेसांची जन्मतात आणि जमिनीखालच्या उबेत वाढतात. एकेका वसाहतीत अनेक ससे राहतात, त्यांची भुयारं एकमेकांना जोडलेली असतात आणि टेकडीच्या उतारावर त्यांची दारं विखुरलेली असतात. एका दाराशी धोका दिसला की ससा दुसऱ्यातून निसटतो.

या एका फरकामुळे दोन सशांच्या शिकारीचे मार्गही वेगळे झाले. आपल्याकडे रानससा पकडायचा तर हाकारे घालून त्याला गवतातून उठवायचं आणि पळण्याच्या वाटेवर लावलेल्या वाघरीत, म्हणजे जाळ्यात, घालायचं, ही जुनी रीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आता ती बंद आहे, आणि ती बंदच राहायला हवी. युरोपात मात्र शिकाऱ्यापुढे वेगळाच प्रश्न होता. समोर जमीन आहे, जमिनीत ससा आहे, त्याच्या घराला पाच-पंधरा दारं आहेत आणि आत शिरणं माणसाला शक्य नाही. मग त्याला बाहेर आणायचं कसं?

तिथल्या लोकांनी याचं उत्तर दोन हजार वर्षांपूर्वीच शोधलं होतं. उत्तर म्हणजे एक लांबट, लवचीक, आखूड पायांचा प्राणी, फेरेट. युरोपातल्या रानटी पोलकॅटपासून माणसाने तो माणसाळवला. ग्रीक भूगोलकार स्ट्रेबोने इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुरुवातीला आयबेरियातल्या, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पातल्या, सशांच्या उपद्रवाबद्दल लिहिताना या प्राण्याचं वर्णन केलं आहे. लोक त्याच्या तोंडाला मुसकं बांधून त्याला बिळात सोडत. तो सशाला नखांनी ओढून बाहेर काढी किंवा बाहेर पळायला लावी, आणि दाराशी उभे असलेले लोक ससा धरत. रोमन लेखक प्लिनीनेही आपल्या ग्रंथात ही युक्ती नोंदवली आहे. बालिएरिक बेटांवर सशांनी पिकं इतकी फस्त केली की तिथल्या लोकांनी सम्राट ऑगस्टसकडे सैन्याची मदत मागितली, हेही त्याने लिहून ठेवलं आहे.

फेरेट काम कसं करतो हे नीट पाहायला हवं, कारण त्याचं काम मारणं हे नाहीच. त्याने सशाला घाबरवायचं आणि बाहेर घालवायचं. त्याने आतच ससा मारला तर शिकाऱ्याची सकाळ फुकट गेली. मेलेल्या सशावर ताव मारून फेरेट तिथेच झोपी जातो आणि मग खणल्याशिवाय तो सापडत नाही. म्हणून जाणकार शिकारी आपल्या फेरेटला उपाशी ठेवत नाही. भुकेला फेरेट जास्त जोमाने काम करील असा नवशिक्याचा समज असतो. प्रत्यक्षात भुकेला फेरेट मारतो, खातो आणि आतच राहतो. थोडंबहुत पोट भरलेला फेरेट हुंगत, शोधत, पुढे सरकत राहतो. मादी नरापेक्षा लहान असते, साधारण पाऊण किलोची. अरुंद भुयारात ती सहज जाते आणि सशाला जखडून धरण्याइतकी ताकद तिच्यात नसते. त्यामुळे हे काम बहुतेक वेळा मादीकडेच येतं. पांढऱ्या रंगाचे फेरेट अनेकांना आवडतात, कारण झाडोऱ्यात ते चटकन दिसतात.

शिकाऱ्याची खरी मेहनत मात्र फेरेट पेटीतून बाहेर काढण्याआधीची. तो वाऱ्याच्या उलट दिशेने येतो आणि पावलांचा आवाज होऊ देत नाही, कारण ससे जमिनीतून येणारे धक्के ओळखतात आणि मागचा पाय आपटून एकमेकांना इशारा देतात. मग तो दारं शोधतो. उघडी, वापरातली दारं दिसतातच. काट्याकुट्यांत, मुळांखाली, वसाहतीपासून चार-पाच पावलांवर असलेलं एखादं बारीक दार दिसत नाही, आणि ससा नेमका तिथूनच जातो. प्रत्येक दारावर छोटं जाळं पसरायचं आणि त्याची दोरी खुंटीने जमिनीत रोवायची. ससा वेगाने येऊन आदळला की दोरी आवळली जाते आणि जाळं बटव्यासारखं बंद होतं. हे सगळं झालं की फेरेट आत सोडायचा आणि गप्प उभं राहायचं. कधी मिनिटभरात जमिनीखालून धडधड ऐकू येते, कधी बराच वेळ काहीच होत नाही.

पूर्वी आत अडकलेल्या फेरेटला शोधायला दोरी बांधलेला एक नर आत पाठवत. तो पहिल्याला हुसकून लावी आणि स्वतः तिथे थांबे. मग दोरीच्या लांबीवरून अंदाज बांधून खणायचं. आता फेरेटच्या गळ्यात छोटा रेडिओ पट्टा असतो आणि वर माणसाच्या हातात त्याचे संकेत टिपणारं यंत्र. फेरेट कुठे आणि किती खोल थांबला आहे हे त्यावरून कळतं. शिकारीचा हंगाम हिवाळ्याचा. झाडोरा वाळून दारं उघडी पडतात आणि बिळात पिल्लं नसतात. पिल्लं असली की फेरेट त्यांच्यापाशीच रमतो, शिवाय जाणता शिकारी विणीच्या काळात बिळाला हात लावत नाही.

मध्ययुगात ही विद्या एवढी मोलाची होती की तिच्यावर कायद्याची नजर होती. १३९० मध्ये राजा दुसऱ्या रिचर्डच्या काळात इंग्लंडमध्ये कायदा झाला. वर्षाला ४० शिलिंगांपेक्षा कमी उत्पन्नाची जमीन असलेल्या माणसाला शिकारी कुत्रे पाळायला आणि फेरेट किंवा जाळी वापरायला त्यात बंदी होती. ससा हा तेव्हा जमीनदाराच्या राखीव कुरणातला माल होता आणि फेरेट खिशात घालून नेता येत होता. त्या शतकातल्या हस्तलिखितांत फेरेटची चित्रंही सापडतात. क्वीन मेरी साल्टर या इंग्लंडमधल्या प्रार्थनाग्रंथात फेरेट सोडून जाळं धरणाऱ्या दोन स्त्रिया आहेत. फ्रान्सच्या गास्तों फेब्यूच्या शिकारग्रंथातही हे काम चितारलेलं आहे.

पुढे युरोपी लोक जिथे जिथे गेले तिथे ससाही गेला. १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन या जमीनदाराने ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियातल्या बार्वन पार्कमध्ये २४ ससे आणवले आणि पुढच्या काही दशकांत सशांनी अर्धा खंड व्यापला. पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९०१ ते १९०७ या काळात तीन हजारांहून अधिक किलोमीटर लांबीची कुंपणं घातली, तरी ससे पार झाले. न्यूझीलंडमध्ये तर सरकारनेच १८८० च्या दशकात हजारो फेरेट मोकळे सोडले, पाठोपाठ स्टोट आणि वीझल हे त्याचे भाऊबंदही. ससे संपले नाहीत. उडता न येणारे, जमिनीवर घरटी करणारे पक्षी मात्र संपत गेले. किवी आणि काकापोच्या रक्षणासाठी न्यूझीलंड आजही या प्राण्यांना पकडण्याच्या मागे आहे.

असंच एक प्रकरण भारतातून सुरू झालं. १८७२ मध्ये जमेकातल्या उसाच्या मळ्यातले उंदीर मारण्यासाठी एस्प्यूट नावाच्या मळेवाल्याने कलकत्त्याहून नऊ मुंगूस नेले. त्यांची प्रजा कॅरिबियनभर पसरली, तिथून १८८३ मध्ये हवाईला गेली. मुंगूस दिवसा हिंडतो, उंदीर मुख्यतः रात्री. मुंगसाने काही उंदीर खाल्ले, पण तिथल्या जमिनीवरच्या पक्ष्यांचा आणि सरड्यांचा बळी त्यापेक्षा मोठा होता.

माझ्या मते या दोन गोष्टींतून सर्वात जास्त शिकायला मिळतं. माणसाच्या हातातला फेरेट आणि मोकळा सोडलेला फेरेट ही दोन वेगळी हत्यारं आहेत. पहिल्याच्या मागे जाळी असतात, दारं मोजलेली असतात, हंगाम पाळलेला असतो आणि संध्याकाळी फेरेट पेटीत परत जातो. दुसऱ्याच्या मागे फक्त आशा असते. बिळातल्या प्राण्यावर नियंत्रण ठेवण्याची विद्या प्राण्यात नसते, ती दाराशी उभ्या असलेल्या माणसात असते. फेरेट नसलेल्या मुलखातही तीच विद्या असू शकते, आणि आपल्या ठाणे जिल्ह्यात ती आहे.

फेरेट इथे आलाच नाही याची कारणं साधी आहेत. बिळात राहणारा ससा इथे नाही, आणि फेरेटला उष्मा सोसत नाही. तिशी ओलांडलेलं तापमान त्याच्या जिवावर बेतू शकतं, आणि भाईंदरच्या खाडीकाठच्या दमट हवेत ते वर्षाचे कित्येक महिने असतं. पण इथल्या जमिनीत बिळं मुबलक आहेत. ती कोणाची, हे भाताच्या शेतकऱ्याला विचारावं.

राई, मुर्धा, मोर्वा, डोंगरी, उत्तन ही भाईंदर पश्चिमेची जुनी गावं. एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं, आणि खाऱ्या पाण्याला थोपवणारे बांध. पावसाळ्यात खाचरात पाणी उभं असतं तेव्हा कोरडी जमीन म्हणजे फक्त बांध. आणि बांधात लहान घूस राहते, उंदराहून मोठी, सुमारे पाव किलोची, काळसर, आखूड शेपटीची, रागीट. तिच्या बिळाच्या तोंडाशी ताज्या भुसभुशीत मातीचा ढीग असतो. आत गेल्यावर ती तोंड मातीने बंद करते. भुयार बांधाच्या पोटातून वळणावळणाने जातं, मध्ये पिल्लांची खोली, आणि बाजूला कोठार. भात पिकायला लागलं की घूस रात्री लोंब्या कापून कोठारात नेते. हळवं भात आधी पिकतं, म्हणून तिच्या धाडी त्या खाचरांत आधी पडतात आणि गरव्या भाताकडे ती नंतर सरकते. एका कोठारात किलोभर भात मिळणं हे नवल नाही.

तिचं नुकसान फक्त खाल्लेल्या दाण्यांचं नसतं. भुयाराने पोकळ झालेला बांध भरतीच्या दाबाला टिकत नाही. खेकड्याच्या आणि घुशीच्या भोकांतून खारं पाणी झिरपायला लागलं की एका उधाणात बांध फुटू शकतो. खारं पाणी एकदा खाचरात शिरलं की ती जमीन पुन्हा भाताजोगी व्हायला पावसाने मीठ धुऊन न्यावं लागतं. खाडीकाठच्या अशा जमिनींचा अभ्यास करायला पनवेलला खार जमीन संशोधन केंद्र आहे, दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं. खारपट्ट्यात तग धरणारी भाताची वाणं तिथून आली. पण वाण कितीही चांगलं असलं तरी बांध सांभाळावाच लागतो.

बांधातल्या या बिळांवर काम करण्यात कोकणच्या ज्या समाजाचा हात बसलेला आहे तो कातकरी. ठाणे, पालघर, रायगड आणि त्यांच्या आसपासच्या तालुक्यांत पसरलेला हा आदिवासी समाज. केंद्र सरकार महाराष्ट्रातल्या तीन जमातींना विशेष असुरक्षित मानतं, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. एके काळी हे लोक खैराच्या लाकडापासून कात काढत. जंगलावर सरकारी मालकी आली तसा तो धंदा हातातून गेला. मागे राहिली मजुरी, कोळसा, मासेमारी, वीटभट्टी, आणि भात कापून झाल्यावर बांधांवरचं काम.

भात कापणी दिवाळीच्या आसपास होते. खाचरं मोकळी होतात, जमीन अजून ओलसर असते आणि कोठारं भरलेली असतात. कातकऱ्यांची टोळी, बायामुलांसह, शेतकऱ्याच्या परवानगीने बांधावर येते. त्यांचं पहिलं काम म्हणजे दारं वाचणं. तोंडाशी ओलसर, ताजी माती असली की आत घूस आहे. तोंडाशी कोळ्याचं जाळं असलं की बीळ ओसाड आहे. गुळगुळीत, घासून गेलेल्या कडा आणि बाहेर घुशीचा मागमूस नाही, असं दिसलं की सावध व्हायचं, कारण घुशीच्या रिकाम्या बिळात नाग किंवा धामण राहायला येते. उंदराच्या मागे नाग आत जातो आणि तिथेच मुक्काम करतो. इथे चूक झाली तर ती जिवावर येते.

मग येतं सगळ्यात महत्त्वाचं काम, बाकीची दारं शोधणं. घुशीच्या बिळाचं एक दार दिसतच नाही. ती भुयाराचं एक टोक जमिनीच्या अगदी वरच्या थरापर्यंत आणते आणि वर पातळ माती तशीच ठेवते. वरून ते साध्या जमिनीसारखंच दिसतं. धोका आला की घूस डोक्याने ती माती फोडून उडी घेते. युरोपचा शिकारी झाडोऱ्यातलं बारीक दार शोधतो ते आणि कातकरी बांधातलं हे लपलेलं दार शोधतो ते, कसब एकच आहे. दोघांच्याही हाती काही लागणार की नाही हे या एका दारावर ठरतं. ते दाबून बंद करायचं, बाकीची बुजवायची आणि एक उघडं ठेवायचं. त्या उघड्या दाराशी कोणी काठी किंवा जाळं घेऊन बसतं.

आत हुसकावायला फेरेट नाही, म्हणून कधी धूर, कधी पाणी, कधी कुदळ आणि पहार. पेंढा पेटवून धूर आत फुंकला जातो. घूस हवेकडे धावते आणि पकडली जाते. धूर पुरला नाही तर भुयाराच्या वळणावळणाने खणत जायचं. खणणाऱ्याच्या मागे बाया आणि पोरं कोठारातल्या लोंब्या गोळा करतात. हे भात उन्हात वाळतं, कांडलं जातं आणि घरात येतं. घूस भाजून, केस जाळून, साफ करून शिजवली जाते. हे अन्न आहे, आणि ते चांगलं अन्न आहे. प्रथिनांची चणचण असलेल्या घरात ते मोलाचं आहे. शहरातले लोक त्याकडे नाक मुरडतात, पण हीच घूस पिकातलं भात खाऊन पोसलेली असते. गटारातल्या उंदराशी तिची बरोबरी करणं अन्यायाचं आहे.

खणण्यात एक अडचण खरी आहे. उकरलेला बांध पुन्हा माती भरून, चोपून बसवावा लागतो, नाही तर पुढच्या पावसात तिथून पाणी जातं. यात फेरेटची रीत सरस आहे, तो जमीन न उकरता काम करतो. धुराची रीतही त्याच्या जवळची. म्हणून काही शेतकरी कातकऱ्यांना खणू द्यायला कुरकुरतात, आणि ती कुरकूर बिनबुडाची नाही. पण खणून झाल्यावर बांध नीट बुजवून, पायाने दाबून मोकळं व्हायचं, ही अट घातली आणि त्या श्रमाचाही मोबदला दिला, तर हा वाद सुटण्यासारखा आहे.

धुराचं काम तमिळनाडूत इरुळर समाजाने अधिक वाढवलं. चेंगलपट्टू, तिरुवळ्ळूर या भागातले हे लोक सापांच्या विषासाठी जगाला माहीत झाले. १९७८ मध्ये त्यांची साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था स्थापन झाली, आणि तिथलं विष प्रतिविष बनवण्यासाठी जातं. पण भातशेतीत उंदीर पकडणं हेही त्यांचं पिढीजात काम. ते मातीचं मडकं वापरत. मडक्यात पाला, पेंढा पेटवायचा, मडक्याचं तोंड बिळाला लावायचं आणि तळाच्या भोकातून तोंडाने फुंकायचं. यात ओठ भाजत, हात भाजत, आणि धूर सगळा छातीत जाई. २००३ मध्ये तमिळनाडूतल्या एका स्वयंसेवी संस्थेला जागतिक बँकेच्या स्पर्धेतून मदत मिळाली, आणि मडक्याऐवजी हाताने फिरवायचा पंखा असलेली पोलादी धूरपेटी या लोकांच्या हाती आली. फुंकणं बंद झालं. काम तेच राहिलं, ज्ञान तेच राहिलं, फक्त फुप्फुस वाचलं.

गंमत अशी की कृषी विज्ञानाने शेवटी हीच दारं मोजायची रीत स्वीकारली आहे. उंदीर नियंत्रणासाठी देशभर अखिल भारतीय समन्वित प्रकल्प चालवला गेला, त्याचं मुख्यालय जोधपूरला होतं. शेतकऱ्यांना सांगितली जाणारी पहिली पायरी ही की संध्याकाळी शेतातली सगळी बिळं मातीने बुजवायची. दुसऱ्या सकाळी जी उघडली असतील ती जिवंत. त्यांनाच उपाय करायचा, बाकीच्यांकडे जायचं नाही. बिळं किती आहेत हे महत्त्वाचं नाही, वापरातली किती आहेत हे महत्त्वाचं. कातकरी हेच ताजी माती पाहून ठरवतो, आणि त्याला रात्र थांबावं लागत नाही.

पुढची पायरी मात्र निराळी आहे. विज्ञानाच्या रीतीत जिवंत बिळात विषारी आमिष घालतात. आधी एक-दोन दिवस बिनविषाचं खाणं ठेवतात, मग झिंक फॉस्फाइडचं. घूस एकदा आमिष चाखून आजारी पडली आणि वाचली, तर पुन्हा त्याला तोंड लावत नाही. म्हणून पुढे ब्रोमाडिओलोनसारखी हळू काम करणारी विषं वापरली जातात. ती घुशीला मारतात, पण तिला खाणाऱ्या गव्हाणी घुबडाच्या, धामणीच्या आणि कोल्ह्याच्या पोटातही जातात. आणि विष टाकलेल्या शेतातली घूस माणसाने खाण्यात तर उघड धोका आहे. याचा परिणाम असा की शेत विषावर गेलं की कातकरी तिथून बाहेर पडतो. त्याच्याबरोबर बांधावरची नजरही जाते.

मला इथे पक्षपाती व्हायचं आहे. घूस पकडण्याचं काम आपण मजुरीचंही मानत नाही, ते गरिबाच्या पोटाची सोय मानतो. इंग्लंडमध्ये फेरेट घेऊन शेतावर जाणारा माणूस आपल्या कामाचे पैसे घेतो, त्याच्या हाती पेटी, जाळी, रेडिओ पट्टा असतो आणि शेतकरी त्याला बोलावतो. आपल्याकडे तीच नजर, तोच संयम, त्यापेक्षा जास्त धोका असलेलं काम करणाऱ्याला हाताशी काही दिलं जात नाही. अनवाणी पायाने चिखलात उभं राहणाऱ्या माणसाला लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, कारण उंदराच्या लघवीतले जंतू ओल्या जमिनीत राहतात आणि पायाच्या भेगेतून शिरतात. २००५ च्या जुलैतल्या महापुरानंतर मुंबई परिसराने हा आजार जवळून पाहिला आहे. गमबूट, जाड हातमोजे, हातपंख्याची धूरपेटी आणि साप चावल्यास कुठल्या दवाखान्यात प्रतिविष आहे याची माहिती, एवढं तरी त्यांना मिळायला काय हरकत आहे?

कायद्याचं बंधन इथे आड येत नाही. शेतातला उंदीर १९७२ च्या कायद्याच्या उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होता. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली. पण त्याच बांधांवर आणि डोंगरउतारांवर घोरपड, साळिंदर, खवल्या मांजर, मुंगूस यांची बिळं असतात आणि या सगळ्यांना कायद्याचं संरक्षण आहे. म्हणून बिळाकडे जाणाऱ्या प्रत्येकाने दार वाचायलाच हवं. मोठं, रुंद दार आणि आजूबाजूला पडलेले काटे दिसले की तिथून मागे फिरावं.

मीरा-भाईंदरच्या गावांत आता हे बांध कमी होत चालले आहेत. दहिसर ते मीरा-भाईंदर या मेट्रो ९ ची कारशेड आधी राई, मुर्धा, मोर्व्याच्या जमिनीवर आखली होती. तिथल्या लोकांनी विरोध केला आणि ती डोंगरीला नेण्याचं ठरलं. जमीन वाचवणारा शेतकरी उद्या भात लावील की नाही, हे त्याला घुशीचा आणि खाऱ्या पाण्याचा त्रास किती होतो यावर काही अंशी अवलंबून आहे. या गावांपासून पुढे वसई, पालघर, भिवंडी, शहापूर, पनवेल, पेणपर्यंत भाताची शेती आहे, आणि कातकरी वाड्याही आहेत.

घुशींवर काम करायचा सर्वात चांगला काळ एप्रिल आणि मे. त्या वेळी शेतात खायला काही नसतं, घुशी संख्येने कमी असतात आणि पुढच्या पिकासाठी वीण सुरू व्हायची असते. तेव्हा एक मारली तर भात पिकायच्या वेळी अनेकींची भर टळते. एकेका शेतकऱ्याने एकट्याने करण्यापेक्षा अख्ख्या गावाने एकाच आठवड्यात करणं जास्त गुणकारी, नाही तर शेजारच्या बांधावरची घूस रिकाम्या बिळात येते. पण नेमक्या याच महिन्यांत कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर असतात. दिवाळीनंतर आगाऊ रक्कम घेऊन ती निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. गावाला ही माणसं बांधावर हवी असतील, तर भट्टीपेक्षा जास्त नाही तरी तेवढी मजुरी उन्हाळ्यात त्यांना गावात द्यावी लागेल, आणि ती दिवाळीच्या आतच ठरवावी लागेल, भट्टीवाल्याची उचल हाती पडण्याआधी.